बेटावरचं ‘नको’

कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या आमच्या घरापासून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. तरी दुपारी डोळा लागता लागता मला अजून ते स्कॉटलंडमधलं बेट दिसतं. समुद्राकडे तोंड करून बसलेलं पांढरं गेस्ट हाउस, आणि संध्याकाळ झाली तरी जायचं नाव न घेणारा तो फिकट उजेड.

बाबा गेल्यापासून आईचं जेवण पार तुटलं होतं. चार घास खायची आणि ताट सरकवायची. हवापालट झाला तर खाईल, या आशेवर मी तिला इतक्या लांब नेलं. गोकर्णाच्या समुद्राने काय घोडं मारलं होतं, असं शेजारच्या अक्कांनी विचारलंही.

गेस्ट हाउस एक म्हातारं जोडपं चालवायचं. नवरा सामान उचलायचा, बाग बघायचा. बाई रांधायच्या आणि वाढायच्या. आईने पहिल्याच दिवशी त्यांना अक्का करून टाकलं. आम्ही शाकाहारी म्हणून त्या सकाळी ओट्सची लापशी आणि तव्यावरची बटाट्याची गरम धिरडी करायच्या. “आणखी एक?” असं विचारायच्या. आई हसून नको म्हणायची आणि त्या बशी उचलून न्यायच्या. माझा जीव खाली-वर व्हायचा.

दिवस धुक्यात विरघळत होते. पाणी हळूहळू खिडकीखालपर्यंत यायचं, हळूहळू परत जायचं. खडकांवर सील पडून असायचे, पंगत उठल्यावर लोळणाऱ्या वऱ्हाड्यांसारखे. कितीदा तरी मी आईचं जेवणही विसरून नुसती बघत बसायचे.

एका दुपारी फिरून आले तर आई खिडकीत बसून घरून आणलेला चिवडा बकाबका खात होती.

“भूक लागलीय तुला?”

“नाही लागणार? या वाऱ्याने पोटात आग पडते नुसती.”

“मग सकाळी नको का म्हणतेस?”

“पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का गं? अक्का स्वल्पसुद्धा आग्रह करत नाहीत. नको म्हटलं की सरी, बरं म्हणून उचलली बशी.”

मला हसू आवरेना. आई मात्र समुद्राकडे बघत म्हणाली, “तुझ्या बाबांनी माझं नको कधी मनावरच घेतलं नाही. बोलता बोलता वाढून मोकळे व्हायचे.”

“मी सांगू अक्कांना, दोनदा विचारत जा म्हणून?”

“सांगून केलेला आग्रह कसला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काहीच दिसत नव्हतं, फक्त लाटांचा आवाज येत होता. बाई धिरडी घेऊन आल्या. “आणखी एक?”  आईने बशी पुढे केली आणि हो म्हणाली. वर लोणी घेतलं, सावकाश सगळं संपवलं.

यासाठीच तर मी तिला तिथवर नेलं होतं. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडले ती मात्र तिथे, त्या टेबलाशी, आग्रहाची वाट न बघता म्हटलेलं तिचं ते ‘हो’ ऐकून.