कन्नडचा घाट, दुसऱ्या गिअरात

गाडी वडिलांची होती, जुनी ॲम्बेसेडर. ते गेल्यावर घरात ती चालवणारी मी एकटीच. दौलताबादच्या चढउतारावर त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणून दिवाळीनंतर ताईला औरंगाबादहून सासरी, चाळीसगावला पोचवायची वेळ आली तेव्हा गाडी मीच काढली. तिला न्यायला आलेले दाजी माझ्याशेजारी बसले, ताई मागं.

ताईच्या दंडावर भाजल्याचे डाग होते. दिवाळीत तेल लावताना आईनं ते पाहिले होते. तरी तिनं ओटी भरून ताईला गाडीत बसवलं.

कन्नड मागं पडलं आणि घाटाचा उतार लागला. मी दुसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. तेव्हा इंजिन चाकांना फिरवत नाही, उलट चाकांनाच इंजिन फिरवावं लागतं, आणि त्या ओझ्यानं गाडी आवरते. ब्रेक मधूनमधून लावला तरी पुरतो. इंजिन घुरघुरत होतं, गाडी हळूहळू उतरत होती.

दाजींना तो आवाज खपेना.

"इंजिन फाडतेस का? न्यूट्रल कर, पेट्रोल वाचंल."

"उतारावर नाय करत, दाजी."

"आता बाई मला शिकवणार?"

"चालवू द्या ना तिला," ताई मागून म्हणाली.

ते वळले आणि त्यांनी सीटवरून हात टाकून तिच्या तोंडात मारली. मग पुन्हा, मग पुन्हा. तिचं डोकं काचेवर आपटलेलं मला ऐकू आलं. "दाजी, सोडा तिला," मी म्हणाले. त्यावर त्यांनी स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा पकडला आणि जोर लावून न्यूट्रलला आणला.

इंजिनाचा आवाज पडला. गाडी सुटली.

मी ब्रेक दाबला. दोन वळणं तो लागला, मग जळका वास आला आणि पायाखालचं पेडल मऊ होत तळाला गेलं. पुढं आणखी एक वळण, त्याच्या उजव्या अंगाला दरी, आणि खालून चढणारा ट्रक. दांडा अजून दाजींच्याच मुठीत होता. मी खाली वाकून त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. तोंडात रक्ताची चव आली, तेव्हा मूठ सुटली.

तिसरा गिअर पडला. गाडीला हिसका बसला. मग दुसरा. इंजिन किंचाळलं, दाजी पुढं फेकले गेले आणि त्यांचं नाक डॅशबोर्डवर फुटलं. वेग मोडला. मी हँडब्रेक ओढून गाडी डावीकडं डोंगराला घासत नेली. पत्रा फाटत गेला आणि आम्ही थांबलो. ट्रक हॉर्न वाजवत शेजारून वर गेला.

दाजींनी माझा गळा धरला. त्यांच्या नाकातलं रक्त माझ्या पदरावर गळत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मागच्या सीटखाली, ताईच्या पायाशी, गाडी फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल पडलेलं असायचं. तिनं ते उचललं आणि त्यांच्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज झाला.

"उतरा," ती म्हणाली.

त्यांच्या बाजूचं दार चेपलं होतं. मी खाली उतरले, ते माझ्या बाजूनं हात छातीशी धरून बाहेर आले. खाली जाणाऱ्या एका जीपनं त्यांना नेलं. ब्रेक निवून पेडल परत उचलेपर्यंत आम्ही दोघी तिथंच दगडावर बसलो. ताईचा ओठ फाटला होता.

"कुठं जायचं?" मी विचारलं.

"घरी."

आठवडाभरातच तिचे दोन दीर आले. त्यांनी गाडीच्या काचा फोडल्या आणि ताईला केसांना धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. आई चुलीवरचं उकळतं आधण घेऊन बाहेर आली आणि तिनं ते थोरल्याच्या पायांवर ओतलं. तो किंचाळत खाली बसला. धाकट्यानं ताईचे केस सोडले.

"अजून लई पाणी हाय आत," आई म्हणाली.

त्यानंतर कुणी आलं नाही. काडीमोड झाली. ताईनं पाचोडच्या शाळेत नोकरी धरली आणि तिथंच घर केलं. दाजींचा हात वाकडाच राहिला, असं पुढं कुणीतरी सांगत आलं. ताई तेव्हा शेंगा निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.