भवानीचं गिऱ्हाईक

बाबांचं एक वाक्य माझ्या फार डोक्यात जायचं. "घाम गाळला की मिळतंच." गिरणीत होते तेव्हा अधूनमधून म्हणायचे. मग संपात गिरणी बंद पडली, घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आम्ही एका गाळ्यात किराणा मालाचं दुकान टाकलं आणि ते चालायला लागलं. तेव्हापासून तर उठता-बसता तेच. पावशेर साखर घ्यायला आलेल्या माणसाला साखरेबरोबर हे वाक्य फुकट मिळायचं.

गाळा बदनाम होता. आमच्या आधी तिथे किराणाचंच दुकान होतं आणि ते पार बुडालं होतं. आजूबाजूची माणसं म्हणायची, पनवती गाळा आहे, घेऊ नका. म्हणून तर तो आम्हाला परवडला. तरी आईच्या बांगड्या गेल्याच. हे चाललं नाही तर सामान बांधायचं आणि गावाला जायचं, असं आईने पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून ठेवलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. सकाळी दुकानात बसायचे, दुपारी कॉलेजला जायचे. गावाचं नाव काढलं की मी तिथून उठायचे. मला बँकेत लागायचं होतं, शेणी थापायला जायचं नव्हतं.

पण दुकान चाललं. आम्ही गाळा घेतला आणि थोड्याच दिवसांत खालच्या नाक्यावर संपणारी बस वर आमच्यापर्यंत यायला लागली. शेवटचा स्टॉप नेमका आमच्या दारासमोर. डोंगरावरची माणसं पूर्वी स्टेशनजवळून सामान घेऊन यायची. आता ती आमच्या पायरीसमोर उतरायला लागली आणि उतरल्या उतरल्या आमच्याकडेच वळायला लागली. बाबांच्या तोंडून मात्र बस हा शब्द कधी निघाला नाही. ते आपले घामावरच.

आणि मग ती बाई यायला लागली.

सकाळी आम्ही कुलूप काढायला जायचो तेव्हा ती आधीच उभी असायची. कधी आली ते कळायचं नाही. पांढरट लुगडं, कपाळ मोकळं, हातात पिशवीसुद्धा नाही. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, रोज तिचीच. घ्यायची काय, तर एक काडेपेटी. रोज एक काडेपेटी. पैसे ठेवायची आणि जायची नाही. कडेला सरकून उभी राहायची आणि बघत बसायची. बाबा फळ्या पुसायचे, ती बघायची. मी पोत्यांची तोंडं सोडायचे, ती बघायची. पहिली बस येऊन गर्दी झाली की मग कधीतरी नाहीशी व्हायची.

"एवढ्या काडेपेट्यांचं करते काय ही?" मी बाबांना विचारलं.

"चूल पेटवीत असात. तुका काय करूचा हा?"

आईने मात्र धसका घेतला. "माका ती बाय बरी दिसणा नाय," ती म्हणाली. "तिच्या हातची भवानी घेव नकात."

"पैसे देता ना? मग झाला."

मी आईला हसले होते. पण एका सकाळी शटर अर्ध्यावर अडकलं. बाबा नि मी जोर लावून दमलो. मागून ती शांतपणे म्हणाली, "डाव्या बाजूला, खाली ठोका." बाबांनी ठोकलं आणि शटर सरकन वर गेलं. मग मी पण तिच्याकडे लक्ष ठेवायला लागले. आत अंधार असला की तिचा हात न बघता खांबामागच्या बटणावर जायचा, जे बटण आम्हाला सापडायला कितीतरी दिवस लागले होते. आमच्या पोत्यांवर झोपणारी मांजर कुणालाही हात लावू द्यायची नाही, बाबांनाही बोचकारायची. ती मांजर हिच्या पायांत घोटाळायची. आईला हे मी सांगितलं. तिने त्या दिवशी उंबऱ्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुकान बसणार, ही बाई बसवणार, हे तिच्या मनाने घेतलं. खरं सांगते, माझ्याही मनाने घेतलं.

मग एक दिवस सकाळीच बाबांचा गिरणीतला एक दोस्त आला. बिचाऱ्याला काम नव्हतं, कुठे चिकटवा म्हणून सांगायला आला होता. बाबांनी त्याला चहा पाजला आणि नेहमीचा पट्टा चालू केला. "अरे, घरी बसून काय होणार? माझ्याकडे बघ. ह्याच गाळ्यात आधीचा माणूस बुडाला. का बुडाला? घाम गाळला नसणार." दोस्त मान खाली घालून चहा पीत होता. मला बाबांचा इतका राग आला की मी हातातलं माप आपटलं.

कडेला उभी असलेली ती बाई पुढे आली.

"भाऊ, एक विचारू? तुम्ही वेगळं काय करता?"

बाबांना कळेना. मलाही कळेना.

"मी रोज बघते," ती म्हणाली. "तुम्ही उजाडायच्या आत येता. ते पण यायचे. तुम्ही माप भरून देता. ते वर मूठभर घालायचे. तुम्ही गिऱ्हाइकाशी गोड बोलता, ते पण बोलायचे. ह्याच फळ्या, ह्याच जागी. आमचंच दुकान होतं हे."

दोस्ताने कप खाली ठेवला. मीच बोलले. मला वाटलं तिला बरं वाटेल. "मावशी, तुमच्या वेळी बस नव्हती ना. आता ती इथवर येते."

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "बस मला पण दिसते गं. मी दुसरं काहीतरी शोधतेय. दुकान बुडालं तेव्हा मी त्यांना नको नको ते बोलले. आळशी म्हटलं, करंटा म्हटलं. तुमच्या अंगात कष्ट नाहीत म्हटलं. ते ऐकत ऐकतच त्यांनी डोळे मिटले. आता त्यांची एक तरी चूक मला सापडू दे. एवढीशी पण चालेल."

मग ती बाबांकडे वळली. "तुम्ही आता म्हणालात ना, घाम गाळला नसणार. ते कशावरून म्हणालात तेवढं सांगा."

मला वाटलं बाबा ते वाक्य म्हणतील. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी हवं होतं. पण समोर बस येऊन थांबली होती, माणसं उतरत होती, आणि बाबा त्या बसकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मी गिरणीला टाळं लागलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते. बस आली म्हणून आपण उभे, आणि उद्या ती पुन्हा खालच्या नाक्यावरूनच वळायला लागली तर घामाचं काय करायचं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. मला तरी तेव्हाच कळलं.

ती गेली. आता काही ती येत नाही, असं मी आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती होतीच. बाबांनी शटर उघडलं, काडेपेटी काढून तिच्यासमोर ठेवली. मग ते बाहेर पायरीपाशी आले आणि थांबले. त्यांनी तिला विचारलं, आवाज अगदी खाली आणून, "वहिनी, ते सकाळी आधी झाडू मारायचे की आधी पाणी शिंपडायचे?"

तिने आठवून पाहिलं. "आधी पाणी," ती म्हणाली.

बाबांच्या हातात रोजच्यासारखा पाण्याचा तांब्याच होता.