बेटाच्या मागच्या अंगाला

बेटावर पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत लख्ख ऊन होतं. मी दचकून उठले. मावळातल्या कुरवंड्यात माझी लहानशी खानावळ आहे. डोंगर चढायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. इतकं ऊन वर येईपर्यंत झोपल्याचं आठवत नाही. घड्याळात पाहिलं तर सहाच. मुलीला हलवलं.

"आई, अंदमानात सूर्य लवकर उगवतो. झोप."

माझा काही विश्वास बसला नाही. घड्याळच बंद पडलं असेल म्हणून मी ते दोनदा कानाला लावलं.

मुलगी तळेगावला कारखान्यात नोकरीला आहे. "जन्मभर फिरायला आलेल्यांना वाढत आलीस, एकदा तू फीर," म्हणून तिनंच हट्टानं आणलं होतं. दोन विमानं झाली, मग बोट. बोट तिला लागली होती, ती अजून आडवीच. मला म्हणाली, "तू जाऊन बस किनाऱ्यावर."

गेले. खुर्च्या, छत्र्या, फोटो काढणारी माणसं. तासभर बसले, पण नुसतं कसं बसायचं तेच कळेना. शहाळेवाल्याची एकट्याची धांदल उडालेली पाहून माझे हात शिवशिवायला लागले. मागच्या रस्त्यावर बस थांबली होती, तीत जाऊन बसले. का बसले, ते आजही सांगता येत नाही. कंडक्टरनं "कहाँ?" विचारलं. मी म्हटलं, "जहाँ तक जाती है."

हॉटेलं संपली. मग सुपारीच्या बागा, केळी, आणि कापणी झालेली भाताची खाचरं. खाचरं थेट आमच्या मावळातल्यासारखी, फक्त बांधावर नारळ. आपण लांब आलोय की घराकडं चाललोय, तेच समजेना.

शेवटच्या थांब्यावर उतरून थोडं चालले. एका अंगणात बाकडं होतं, टेबलावर पालथे घातलेले काचेचे ग्लास. माझ्याच वयाची एक बाई पायाखाली विळी धरून मासे चिरत होती. चहाचं दुकान समजून मी बसले.

"चाय मिलेगा?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठली, हात धुतले, आत गेली आणि चहाबरोबर वाटीभर मुरमुरे घेऊन आली. पिऊन झाल्यावर मी पाकीट उघडलं.

"ये दुकान नहीं है," ती म्हणाली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आमच्या शेजारच्या आबांच्या ओट्यावर लोक असेच येऊन बसतात, "काका, मॅगी मिळेल का?" विचारतात. त्यांना मी कितीदा हसले असेन.

"मैं भी गाव की है," मी म्हटलं. "मेरा भी खेत है." तिला कितपत समजलं कोण जाणे.

तेवढ्यात तिचा नवरा बागेतून आला. माझ्या अंगावर मुलीनं घेतलेला नवा ड्रेस, डोक्यावर टोपी. त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ज़मीन देखने आए?"

"न्हाई, न्हाई! ऐसेच आयी. देखने को."

"क्या देखने?"

मी समोरच्या खाचराकडं बोट दाखवलं. त्यानं खाचराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"धान तो कट गया," तो म्हणाला.

बाईनं मासे-भात खायला बोलावलं. मी म्हटलं, आज गुरुवार, मासे चालत नाहीत. तिनं "गुरु?" एवढंच उचललं आणि मला हात जोडले. मी घाईघाईनं तिला हात जोडले. दोघी तशाच उभ्या. शेवटी डाळ-भात वाढला आणि मी जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली. भात जाडा, गोड होता. मी आणखी मागून घेतला तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

साडेचारलाच उन्हं उतरली. शेवटची बस चुकेल म्हणून नवरा थांब्यापर्यंत सोडायला आला. बस आली तसा म्हणाला, "अपने सेठ को बोलना, हम नहीं बेचेंगे."

आमच्याकडंही इस्त्रीच्या कपड्यातलं माणूस शेताकडं वळलं की हाच संशय येतो. हे असेच बोल आमच्याही माणसांनी ऐकवलेले आहेत. तेव्हा मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "हाँ, बोलूँगी."

कुठल्या शेठला?

हॉटेलवर पोचले तर साडेपाचला पार अंधार. मुलगी फाटकात उभी, डोळे सुजलेले.

"कुठं गेली होतीस? फोनही खोलीवरच!"

"एकांकडं जेवाया गेलते."

"ओळखीचे होते?"

"न्हाई. शेतकरी हायेत. जमीन विकायची न्हाई म्हनत्यात."

"तुला काय करायचंय त्यांच्या जमिनीशी?"

मी चपला काढल्या आणि पाय धुवायला गेले.