ग्लेनिसची खूण

नेव्हिल ट्रेंबॅथला कुणी पत्ता विचारू नये, हे आमच्या माल्डन गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जुनी खाण कुठे, म्हणून एखाद्या पाहुण्याने विचारलं तर तो दक्षिण अंश, पूर्व अंश आणि पुढे दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे सांगायचा, आणि वर म्हणायचा, "आता चुकलास तर दोष तुझा."

माझी त्याची ओळख गावातल्या नाट्यमंडळातली. मी लग्न करून या देशात आले तेव्हा अंगात अजून रंगभूमी होती, आणि इथल्या सभागृहात दिवे सांभाळायला नेव्हिल होता. दिवसा तो कच्चे रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवायचा, संध्याकाळी शिडीवर. नटाने कुठे उभं राहायचं याची चिकटपट्टीची खूण तोच फळ्यांवर लावायचा. मी अर्धी वीत सरकले की वरून आवाज यायचा, "कुमो, तू अंधारात बोलते आहेस." माझं नाव कुमुद, पण या देशात अख्खं नाव कुणालाच ठेवू देत नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्याला आणि त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, डबे शोधायचा नाद लागला. खेळ साधा आहे. कुणीतरी रानात, पुलाखाली, एखाद्या भिंतीच्या फटीत डबा लपवतं आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतं. बाकीचे उपग्रहाचं यंत्र गळ्यात अडकवून तो शोधतात, आतल्या कागदावर सही करतात, आणि डबा होता तिथे ठेवून घरी येतात. हाती काही लागत नाही. ग्लेनिस म्हणायची, "चर्चसारखंच आहे, फक्त सँडविच बरे असतात."

शोधायची ती, जपायचा तो. कोळ्यांनी भरलेल्या ढोलीत हात घालायला ग्लेनिस पुढे. नेव्हिल मात्र दर रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर यंत्र संगणकाला जोडून बसायचा. आठवड्याच्या खुणा उतरवून घ्यायच्या, निकामी झालेल्या पुसायच्या, प्रत्येक डब्यापुढे तारीख, हवा आणि शेरा लिहायचा. शेरा ग्लेनिसचा. बटाटे सोलता सोलता ती सांगायची.

"लिही. डबा ओला. मुंग्या चावल्या. नेव्हिल पडला."

"मी पडलो नाही. बसलो."

"बरं, लिही. नेव्हिल अचानक बसला."

हजारो शेरे असे. मी कितीतरी रविवारी तिथे चहा पीत बसले आहे. रंगमंचावर मी पुष्कळ नवराबायको पाहिले, काहींची बायको मीच होते. पण इतक्या कमी शब्दांत इतका सुरेख प्रवेश क्वचितच रंगलेला पाहिला.

मग ग्लेनिस आजारी पडली. बेंडिगोच्या इस्पितळात तिने नवऱ्याला सांगितलं की मला कबरस्तानाच्या कुंपणाच्या आत ठेवू नकोस, मकलफर्डच्या जंगलात मोकळं सोड. आपण एकदा डबा सापडेना म्हणून वैतागून जेवायला बसलो होतो ना, तिथे. ती गेल्यावर नेव्हिल एकटाच गेला. कुणी बरोबर यायचं नाही म्हणाला. राख सोडली, यंत्राचं बटण दाबलं, खुणेला नाव दिलं 'ग्लेनिस', आणि परत आला.

तिची थोरली बहीण मर्ल टास्मानियाहून आली होती. ग्लेनिसच्या आठवणीसाठी सभागृहात ठेवलेल्या चहाच्या वेळी तिने त्याला धरला.

"एखादा दगड तरी लाव रे. माणूस कुठे आहे ते कळायला नको?"

"कळतं. तीन मीटरपर्यंत कळतं."

"आमच्या आईची कबर कुत्र्यालासुद्धा सापडते. त्याला यंत्र लागत नाही."

"दगड झिजतो, मर्ल. पोरं पाडतात. आकडा झिजत नाही."

हे तो अशा खात्रीने म्हणाला की आम्हा सगळ्यांना पटलं.

पहिल्या वर्षी तो दोन-तीनदा जाऊन आला. नंतर त्याच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू काढला, आत काहीतरी बिनसलं, पुन्हा शस्त्रक्रिया. महिनोन् महिने डोळ्यावर पट्टी, गाडी चालवायला बंदी. रविवारची नोंदवही मात्र सुटली नाही. भिंग घेऊन बसायचा. नवे डबे नव्हते, तरी यंत्र जोडायचा, यादी तपासायचा, प्रत काढायचा. 'ग्लेनिस' हे नाव यादीत दिसलं की त्याचं काम झालं.

गेल्या वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, मर्लचं पत्र आलं, मी येते आहे. ऐंशी ओलांडलेली बाई, जहाजाने रात्रभर समुद्र पार करून, पुढे बस बदलत आली. पर्समध्ये रुमालात बांधून एक वाटोळा खडा आणला होता. आईच्या कबरीवरचा.

"हा तिच्याजवळ ठेवायचा आहे," ती म्हणाली. "आता पुन्हा येणं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा नीट ठिकाणी ने मला."

नेव्हिल हसला. "तीन मीटर," तो म्हणाला.

गाडी मी चालवली. मर्ल माझ्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन, नेव्हिल मागे, इस्त्रीचा शर्ट घालून. जंगलातला रस्ता संपला तिथे उतरलो. काळ्या, भेगाळलेल्या सालीची आयर्नबार्कची झाडं दूरवर, सगळी एकाच उंचीची, आणि जमिनीवर जिथे पाहावं तिथे जुन्या सोनं खणणाऱ्यांचे खड्डे. नेव्हिलने यादी उघडली, नाव निवडलं, 'इथे जा' दाबलं. पडद्यावरचा बाण फिरला आणि आम्ही आलो त्या रस्त्याकडे वळून थांबला.

"उपग्रह अजून लागले नसतील," तो म्हणाला.

आम्ही थांबलो. बाण तसाच.

"किती लांब दाखवतंय?" मी विचारलं.

"नऊ किलोमीटर."

"वाटेत उतरली का ती?" मर्ल म्हणाली.

त्याने यंत्र डोळ्यांजवळ नेलं, खुणेचा तपशील उघडला आणि बराच वेळ वाचत राहिला. मग गाडीच्या बॉनेटला टेकला.

"ही खूण एप्रिलमध्ये बदलली आहे," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये तो घराबाहेर पडलाच नव्हता. यंत्रात एक सोय असते, खूण चुकीच्या जागी घेतली गेली तर योग्य जागी उभं राहून 'खूण इथे आणा' दाबायचं. 'इथे जा'च्या जवळच ती ओळ. पट्टी बांधलेल्या डोळ्याने, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, नुसतं तिचं नाव उघडून पाहताना त्याचा अंगठा त्या ओळीवर पडला होता. यंत्राने सांगितलं तसं केलं. जंगलातली खूण उचलून टेबलापाशी आणून ठेवली.

हे त्याने आम्हाला तुटक तुटक सांगितलं. मर्लने ऐकून घेतलं.

"म्हणजे तू तिला घरी आणलंस," ती म्हणाली.

"मी तिला हरवलं, मर्ल."

तिचे आकडे यंत्रात आहेत म्हणून त्याने ते कधी पाठ केले नव्हते. त्याला आठवत होतं ते एवढंच: आडवा पडलेला एक ओंडका आणि त्याच्या पलीकडे जोडीने दोन खड्डे. पण शरदात, म्हणजे इथल्या एप्रिल-मेमध्ये, वनखात्याने त्या भागात मुद्दाम जाळ केला होता, उन्हाळ्यातल्या वणव्याला खायला काही राहू नये म्हणून. पडलेले ओंडके सगळे जळून गेले होते. खड्ड्यांच्या जोड्या तर दर थोड्या अंतरावर. काळोख पडेपर्यंत तो भटकला. आम्ही दोघी गाडीत बसून त्याचा पांढरा शर्ट झाडांमधून जाता-येताना पाहत होतो.

घरी येऊन त्याने संगणक उघडला. मला धीर होता. असा नेटका माणूस, जुनी प्रत असेलच. प्रती होत्या. पण दर रविवारी नवी यादी जुनीच्या जागी बसत होती, कारण दोन याद्या असल्या की घोळ होतो असं त्याचं मत. एप्रिलनंतर प्रत्येक रविवारी त्याने ती चूक जिवापाड जपून पुन्हा पुन्हा साठवली होती. यंत्र चाललेल्या वाटेची जी रेघ आखतं, तीही त्याने कधी साठवली नव्हती. राख सोडली त्या दिवसाची नोंद सापडली. तारीख, पुढे 'हवा स्वच्छ', आणि पुढे 'शेरा नाही'.

शनिवारी मंडळी आली. या खेळात एकाचं अडलं तर सगळे धावतात. डॅरल पॅस्को हा त्यांचा म्होरक्या, निवृत्त प्लंबर. साप चावू नये म्हणून घोट्यांना जाड पट्टे बांधून वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या घेऊन हजर. घडीच्या खुर्च्या, थर्मास, करी घातलेल्या अंड्याचे सँडविच. या लोकांनी मिळून लाखभर डबे शोधले असतील. डॅरलने सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, आणि सवयीने विचारलं,

"डबा केवढा आहे?"

मग डॅरलच्याच लक्षात आलं आणि तो टोपी काढून उगाच झटकू लागला. दोन हिवाळ्यांचा पाऊस पडून गेला होता, वरून आग गेली होती. शोधायला काही नव्हतंच. तरी ओळ पुढे निघाली. दर थोड्या वेळाने कुणीतरी हात वर करायचं. "नेव्ह, इथे दोन खड्डे. हे का?" तो जायचा, उभा राहायचा, चारी बाजूंना पाहायचा.

"असेल."

पुढच्या ठिकाणीही "असेल." मग "नसेल." मग तो नुसतीच मान हलवू लागला. एका बाईला वर्षानुवर्षं न सापडलेला एक खरा डबा दगडाखाली सापडला. ती हर्षाने ओरडायला गेली आणि नेव्हिलला पाहून तिने तो पाठीमागे लपवला. दुपार कलली तशी एकेकाने खुर्चीची घडी केली. डॅरल जाताना नेव्हिलच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

मर्ल जायच्या दिवशी सकाळी म्हणाली, मला पुन्हा तिथे ने. आम्ही तिघंच. ती आत चालत गेली, दम लागला तिथे खुर्ची मांडून बसली.

"हे झाड बरं आहे," ती म्हणाली. "इथेच ठेवू का खडा?"

नेव्हिल वर पाहत होता. "ठेव," तो म्हणाला.

तिने रुमाल सोडला, वाकली, आणि थांबली. "ती इथे आहे का?"

"माहीत नाही."

"जवळपास?"

"माहीत नाही, मर्ल. खरंच माहीत नाही."

ती सरळ झाली. खडा पुन्हा रुमालात बांधून तिने तो त्याच्यापुढे धरला. "मग तूच ठेव जवळ."

"आणि नाहीच सापडली तर?"

"मला काय विचारतोस. मला घरातला चष्मा सापडत नाही."

त्याने रुमाल खिशात घातला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "निदान आपण बसलो ही जागा तरी लिहून ठेव." त्याने बटण दाबलं. यंत्राने खुणेचं नाव मागितलं. त्याचा अंगठा अक्षरांवर बराच वेळ तसाच होता. तेच जुनं नाव दिलं असतं तर यादी पुन्हा बरोबर दिसली असती, आणि मला वाटतं त्यालाच तो भ्याला. त्याने रद्द केलं आणि तिला उठायला हात दिला.

आता बुधवारी मी त्याला मकलफर्डला नेते. मी गाडीत बसते, तो आत जातो, येतो. खड्ड्यांची एक जोडी त्याला पटते, पुढच्या बुधवारी दुसरी. इतक्या नाटकांत कामं केली, पण या प्रवेशाचा एकही संवाद मला सुचत नाही. रविवारी मर्लचा फोन येतो. तो स्वयंपाकघरात उभा राहून घेतो. मर्ल मोठ्याने बोलते आणि समोर टेबलाशी मी असते, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू येतात.

"सापडली का रे?"

"अजून नाही."

"बरं," मर्ल म्हणते. "जेवलास का?"