लाल फडकं आणि आमची गाडी

इलेक्ट्रिक गाडी घेऊन वर्ष झालं, तरी तिला ठाण्याबाहेर मुक्कामाला नेलं नव्हतं. तलासरीजवळच्या एका पाड्यावर दिनेश नावाच्या तरुणाकडे घरगुती राहण्याची सोय मिळाली. जाहिरातीत 'गाडी चार्ज होईल' असं ठळक लिहिलं होतं. नवरा आणि मी शनिवारी पहाटेच निघालो.

घोडबंदरच्या कोंडीने नेहमीप्रमाणे जीव खाल्ला. पुढे हायवे बरा आहे, पण चारोटीच्या चार्जरवर विसंबू नका. एक बंद होता, दुसऱ्यापुढे टॅक्सींची रांग. मिसळ खाल्ली, दिनेशला फोन केला. तो म्हणाला, "या ना ताई, आपल्याकडेच लावा."

पाडा सुंदर आहे. अंगणात मोहाचं झाड, जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. गाडी चार्जिंगला लावून आम्ही भटकायला निघालो. वाटेत एका पिठाच्या गिरणीसमोर बांबूवर लाल फडकं फडकत होतं. लग्नघर जवळ होतं, मला वाटलं सजावटच असेल. हौसेने फोटो काढला.

परतताना गिरणीतून जळका वास येत होता. पट्टा थांबलेला, बाहेर नागलीची आणि तांदळाची पोती, आणि दारात गिरणीवाल्या लक्ष्मीताई कपाळाला हात लावून बसलेल्या. मोटार जळली होती.

लग्नघरातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सगळं समजावलं. या पाड्याला विजेच्या लाइनच्या अगदी शेवटी एकच छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. गिरणी आणि बाकीचा भार त्याला एकदम झेपत नाही, व्होल्टेज पडतं आणि गिरणीची मोटार जळू शकते. म्हणून मोठं दळण असलं की गिरणीसमोर लाल फडकं लागतं, आणि ते दिसलं की सगळे आपापले पंप बंद करतात. कोणी कुणाला सांगायला जात नाही.

"आज पन सगल्यांनी बंद केलेले," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी तेवढी चालू रायली."

मी तरातरा दिनेशकडे गेले. त्याने फडकं पाहिलं होतं.

"पाहुण्याची गाडी कशी काढू, ताई? उद्या तुम्ही कमी स्टार दिले तर?" मग हळूच म्हणाला, "हे लिहू नका हां. चार्जिंगवाले पाहुणे यायचे नाहीत."

मला त्याचा संताप आला. त्याहून जास्त त्या ठळक अक्षरांवर भाळलेल्या माझा आला.

लग्नाची पोती जीपमध्ये घालून तलासरीच्या गिरणीवर गेली. लक्ष्मीताईंचं हंगामातलं मोठं दळण गेलं, आणि मोटार वाइंडिंगसाठी वापीला न्यायची ती वेगळीच. आम्ही खर्च देऊ म्हटलं, तर त्या नको म्हणाल्या. "पावन्याची काय चूक?" एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी डहाणूला गेलो. समुद्र छान आहे, चिकू ताजे मिळतात, तुम्ही जरूर जा. मला कशाचीच चव लागली नाही.

घरी आलो तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओळीने गाड्या चार्ज होत होत्या, त्यांत आमचीही लावली. लिफ्ट चालू, पाण्याचा पंप चालू, दिवा जरासुद्धा मंदावला नाही. इथे आमच्यासाठी वेगळा मोठा ट्रान्सफॉर्मर बसवलाय.

आठवड्याने लक्ष्मीताईंना फोन केला. गिरणी बंदच होती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "गाडी नीट पोचली ना घरी?"