हळदीने पकडलेला चोर

गजाकाकांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. बाबांची जुनी मोटारसायकल ढकलत मी त्यांच्या भिवंडीतल्या गॅरेजात नेली आणि म्हटलं, "काका, हे ऑइल गळणं थांबवा." इंजिनाकडे न बघता त्यांनी विचारलं, "पोरी, गाडी बाबांची ना? मग त्यांना घेऊन ये. आजार मालकाच्या तोंडून ऐकायचा असतो." मी तणतणत घरी आले. काका पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, तरी हा नियम त्यांनी अजून सोडलेला नाही, हे आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळात कुणाला सांगायला नको.

मग बाबा स्वतः गॅरेजात गेले, आणि गाडीऐवजी स्वतःचंच गाऱ्हाणं सांगून आले. दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पुढे किक मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याआधी एकदा आईला मागे बसवून वज्रेश्वरीच्या देवीला जायचं होतं, लग्न झाल्यावर गेले होते तसं. पण ऑइल मागच्या चाकावर उडत होतं. गाडी घसरेल म्हणून आई बसायला तयार नव्हती.

काकांनी इंजिनाच्या सगळ्या झाकणांखालचं पॅकिंग बदललं, तरी गळती तशीच. मग त्यांनी इंजिन धुऊन पुसलं, वर अंगाला लावायची पावडर मारली आणि म्हणाले, "उद्या फिरवून आना. पावडर जिथं पहिली भिजंल, तिथं चोर."

दुसऱ्या दिवशी दसरा. पांढरं फटक इंजिन बघून आईने ते आंघोळ घातल्यासारखं लख्ख केलं आणि पूजा मांडली. बाबांनी कपाळावर हात मारला. सोनं द्यायला आलेले काका मात्र पोट धरून हसले. "वयनी, पावडर न्हाय तर न्हाय. हलद हाय ना? थापा चांगली!"

आईने इंजिनाला नवरदेवासारखी हळद लावली आणि मी अंबाडी गावापर्यंत गाडी फिरवून आले. खाली सगळं पिवळंजर्द, आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेटच्या झाकणाखालून तपकिरी ओघळ निघालेला. काकांनी बोट फिरवलं आणि सोनं द्यायला जमलेल्या शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "झाकन वाकलंय. पॅकिंग बदलताना मीच बोल्ट जास्ती आवळला. चूक माझी हाय." सणासुदीच्या दिवशी, चारचौघांत, इतक्या सहज! माझा राग तिथेच विरला आणि मी त्यांची शिष्या झाले.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून झाकण घासून सपाट करायचं काम त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. मी जोर लावला की हातावर हलकी चापट बसे. "भाकरी थापतेस का? हलका हात ठेव."

दिवाळीच्या आधी आईने मागच्या चाकावरून हात फिरवला, कोरडा तळवा बाबांना दाखवला आणि पदर खोचून मागे बसली. बाबांनी एका किकेत गाडी सुरू केली. परतताना दोघं घरी न येता थेट गॅरेजात गेले, देवीचा प्रसाद घेऊन. काका प्रसाद खाताना रडले, असं आई सांगते. डोळ्यांत ऑइल गेलं होतं, असं काका सांगतात.

आता गाडी मी चालवते आणि बाबा मागे बसून सूचना देतात. काका, देवी आपल्याला उदंड आयुष्य देवो, आणि हात असाच हलका ठेवो. एकच तक्रार आहे. गळती थांबली आणि आपलं आमच्याकडे येणंही थांबलं. गाडी पुन्हा गळू दे, असं देवीकडे मागवत नाही. या दसऱ्याला निमित्ताशिवायच या. आई हळद भिजवून ठेवणार आहे, आणि या वेळी ती आपल्याला लावणार आहे.