विमानाचं पेट्रोल आणि दाजींची गाडी

समस्त सोयरे, भाऊबंद आणि हितचिंतकांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या दाजींच्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर ऐन तारुण्यात वारला. त्याच्या आधीचाही असाच गेला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ शेती आणि दारात जुनी घेतलेली पांढरी कार. त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा दाजींनी भर बैठकीत जाहीर केलं की परण्या आपल्याच गाडीतून निघणार. परण्या म्हणजे नवरदेवाची मारोतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक. नवरदेवाचा मामा आपला नवा ट्रॅक्टर सजवायला टपलेलाच होता. तेव्हा प्रश्न इज्जतीचा.

आणि गाडी तर आचके देत होती. काळा धूर, पेट्रोलची नुसती उधळण, शिवाय समोर इंजिनाचा पिवळा दिवा. त्या दिव्यावर दाजींनी ताईची टिकली चिकटवून टाकली.

"दिवाच दिसला न्हाई तर बिघाड कुठला?"

"पाकीटच आणा की," ताई म्हणाली. "एक तुमच्या तोंडावरबी लावते."

शेवटी दाजी, नवरदेव आणि मी गाडी घेऊन हिंगोलीला मिस्त्रीकडे गेलो. हा सेन्सर धुराच्या नळीत बसतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. मग कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. चांगला सेन्सर वर्षानुवर्षं टिकतो. दाजींचा पावसाळ्यात बसवला होता आणि हरभरा निघायच्या आत आटोपला. मिस्त्रीनं तो काढला, तर टोकाला राखाडी, चकाकता लेप.

"रॉकेल मिसळता का काय?"

दाजी भडकले. "रॉकेल? आमी इमानाचं पेट्रोल घालून राहिलो!"

मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला. विमानाचं म्हटल्यावर मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

दाजींचा मावसभाऊ वैमानिकांना शिकवणाऱ्या एका संस्थेत कामाला आहे. तिथं उड्डाणाआधी छोट्या विमानांच्या टाकीतून थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना ते बघतात. हा गडी ते साठवून, येईल तेव्हा कॅन भरून आणायचा. सुंदर निळसर रंग! दाजी ते दर टाकीला थोडं थोडं, लेकराला बाळगुटी द्यावी तसं पाजत.

"त्यात शिसं असतं, मालक," मिस्त्री म्हणाला. "पंपावरच्या पेट्रोलातून कवाच गेलं, पण त्या इमानांच्या पेट्रोलात अजून हाय. जळलं की सेन्सरच्या टोकावर जाऊन बसतं. नाक बंद! मग त्याला वास येत न्हाई, अन् गाडी अंदाजानं पेट्रोल पित बसते. नवा टाकून देतो, पण ते कॅन चालू राहिलं तर ह्योबी जाईल."

टाकी रिकामी केली, नवा सेन्सर बसवला, पंपावरचं साधं पेट्रोल भरलं. गाडी लोण्यासारखी चालू लागली. राहिलं एकच काम: मावसभावाला सांगायचं.

"इतक्या मायेनं आणतो तो," दाजी म्हणाले. "तुमी सांगा, पाव्हणं." मी ताईवर ढकललं. ताई म्हणाली, "तुमचा भाऊ, तुमचं इमान, तुमीच उतरवा." झालं, कोणीच सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी गाडी फुलांनी मढवली. बाशिंग बांधून नवरदेव आत बसला. मागं मामाचा ट्रॅक्टर, तोही सजलेला, उगाच घरघरत उभा. बँड वाजायला लागणार तेवढ्यात मावसभाऊ आला. हातात आजवरचं सगळ्यात मोठं कॅन, त्याच्या मुठीला चक्क झेंडूचा हार.

"दादा, आज टाकी फुल करू!"

चारचौघांत दाजींना नाही म्हणवेना. त्यांनी हसत कॅन घेतलं आणि अंत्ययात्रेच्या चालीनं टाकीकडे निघाले. मी टायर तपासायला खाली वाकलो. हसू लपवायला तेवढीच जागा होती. दाजींनी झाकण उघडलं, तशी खिडकीतून बाशिंगासकट मुंडी बाहेर आली आणि नवरदेव ओरडला,

"काका, एक थेंब जरी ओतला तर मी मामाच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसतो!"